बुलान नावाचा करडा रेडा

पापा सान्दा आपल्या रेड्याच्या रंगाचा दाखला काढायला आमच्या कचेरीत आले, तेव्हा रेडा त्यांच्यासोबतच होता. तो पांढरा होता आणि त्याच्या अंगावर काळे डाग होते, हे मला खिडकीतून स्वच्छ दिसलं. पण खिडकीतून दिसलेल्या गोष्टीची नोंद घेण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. मी त्यांना अर्जाचा नमुना दिला आणि बाकावर बसायला सांगितलं.

पापा सान्दा बुंतु लेपोंग गावचे. थोरल्या मुलीचं नाव सान्दा, म्हणून सगळं गाव त्यांना पापा सान्दा म्हणतं. त्यांचं स्वतःचं नाव आता फक्त आमच्या रजिस्टरात सापडतं. घराणं जुनं, मानाचं. घराच्या दर्शनी खांबावर आजवरच्या अंत्यविधींत कापलेल्या रेड्याम्हशींची शिंगं खालपासून वरपर्यंत लावलेली आहेत. त्यांची आई दोन वर्षांपासून आजारी होती. म्हणजे तिचा श्वास थांबून दोन वर्षं झाली होती, पण अंत्यविधी व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत आम्ही तोराजा लोक माणसाला आजारीच म्हणतो. सून रोज सकाळी तिच्या खोलीत कॉफी नेऊन ठेवायची आणि काल कोण येऊन गेलं, कुणाचं काय चाललंय, ते सांगायची. अखेर ऑगस्टातली तारीख ठरली. पापुआत खाणीवर असलेले पुतणे, मकास्सरचे भाचे, सगळ्यांची तिकिटं निघाली. आणि म्हातारीला पलीकडची वाट दाखवायला पुढे चालणार होता तो बुलान. पारडू असल्यापासून तिने स्वतःच्या हाताने चारा घालून वाढवलेला बांडा रेडा.

बांडा म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काळे रेडे पुष्कळ. पांढऱ्यावर काळे डाग असलेला बांडा क्वचित निपजतो. निळसर डोळ्यांचा, बहुधा ठार बहिरा. ज्याच्या अंत्यविधीला बांडा असतो त्याचं नाव पुढे वीस वर्षं निघतं. साहजिकच लोक लबाडी करतात. शेजारच्या खोऱ्यात एका गृहस्थाने नुसत्याच पांढऱ्या रेड्याला केसांचा कलप लावून बांडा केला होता. ऐन विधीत सर आली आणि रेड्याचे डाग पाहुण्यांच्या पायांखालून वाहत गेले. त्यावर उपाय म्हणून पशुवर्ण वारसा कक्ष स्थापन झाला. म्हणजे आमची कचेरी. नियम असा की ज्या जनावराचा रंग त्याच्या आईबापांकडून रीतसर आलेला आहे, असा दाखला असेल, तेच जनावर विधीला नेता येईल. नियमात खोट काढायला जागा नव्हती. रंग वरून खाली येतो, हे सर्वांना मान्य होतं.

तो कसा येतो, हे ठरवण्याचं काम सिलास तुलक साहेबांकडे आलं. साहेब बांधकामाकडून बदलून आलेले. तिथे सरकारी भिंती रंगवून घेण्याचा त्यांना एकोणीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी आठ दिवसांत तक्ता तयार केला. काळा आणि काळा मिळून काळा. बांडा आणि बांडा मिळून बांडा. काळा आणि बांडा मिळून करडा. तक्ता काचेत बसवून साहेबांच्या खुर्चीमागे टांगला गेला, आणि काचेत बसवल्यामुळे त्यात दुरुस्ती करणं अशक्य झालं.

पापा सान्दांनी अर्ज भरला. बापाचा रंग, बांडा. आईचा रंग, काळा. मी अर्ज आत नेला. साहेबांनी मान वळवून तक्ता पाहिला आणि पापा सान्दांना आत बोलावलं.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "तुमचा रेडा करडा आहे."

"साहेब, तो बाहेर बांधलाय," पापा सान्दा म्हणाले. "बांडा आहे. उठून बघता का जरा?"

"बघण्याचं काम तपासणी पथकाचं. आणि पथक बघतं ते तक्त्याशी जुळतं का, एवढंच."

पापा सान्दांसोबत त्यांची मुलगी आली होती. सान्दा मकास्सरला शाळेत विज्ञान शिकवते. आजीच्या विधीसाठी महिनाभर रजा काढून आली होती. ती पुढे झाली.

"साहेब, हा काही डब्यातला रंग नाही कालवायला," ती म्हणाली. "पारडाला आईकडून एक वाटा येतो, बापाकडून एक. बापाकडून बांडेपणाचा वाटा आला तर पारडू बांडं होतं. नाही आला तर काळं. म्हणून तर एकाच जोडीला एकदा काळं होतं, एकदा बांडं. अर्धवट काही नसतं."

"हा जो वाटा म्हणता, तो कुठे नोंदवलेला असतो?"

"जनावराच्या अंगात."

"म्हणजे नोंद नाही," साहेब म्हणाले आणि मला म्हणाले, "लिहून घ्या, नोंद नाही."

सान्दाने माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर चार चौकोन काढले आणि बांडा बाप नि काळी आई यांची पारडं कशी होतील ते त्यात भरून दाखवलं. दोन चौकोन बांडे निघाले, दोन काळे. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांना तो आवडला होता असं मला वाटतं. पण त्यांनी तो परत केला.

"बाई, तुमच्या कागदावर एका प्रश्नाची दोन उत्तरं येतात. माझ्याकडे रकाना एक आहे."

"मग एकदा डोळ्यांनी बघा."

"डोळ्यांनी बघूनच त्या खोऱ्यातल्या लोकांनी कलप लावलेला रेडा मानला होता," साहेब म्हणाले. 

तरीही नियमाप्रमाणे तपासणी झाली. दोन निरीक्षक बुंतु लेपोंगला गेले. नोंदी घ्यायला मी सोबत होतो. बुलान ओढ्याच्या काठी चिखलात निवांत बसला होता आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतत रोंबे उभा होता. रोंबे सत्तरी उलटलेला माणूस, जन्मभर पापा सान्दांच्या घरची जनावरं राखलेला. थोरल्या निरीक्षकाने बुलानला उठायला सांगितलं. बुलान उठला नाही. थोरल्याने मोठ्याने सांगितलं. मग धाकट्याने आणखी मोठ्याने. मी लिहिलं, तपासणीस असहकार.

"तो बहिरा आहे, साहेब," रोंबे म्हणाला. त्याने बुलानच्या जबड्याखाली दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली आणि एवढं मोठं धूड उठून उभं राहिलं. "त्याला हात लावून सांगावं लागतं. बापही असाच होता याचा. डोळे निळे असले की कान गेले म्हणून समजा. आणि यांची आई काळीच बघावी. बांडीला बांडा दाखवला की पारडू जगत नाही, नाहीतर पांढरं फटक होतं. काळीला दाखवला की नशीब असेल तर असं होतं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" धाकट्या निरीक्षकाने विचारलं.

"कुणी नाही. साठ वर्षं बघतोय."

पथकाने दोरीने मापं घेतली. पांढरा भाग साठ टक्के, काळा चाळीस टक्के निघाला. दोन्हींची सरासरी काढली. ती करडी आली, किंचित फिकट. तक्ता बरोबर ठरला. परतताना थोरले निरीक्षक मला म्हणाले की इतकी वर्षं नोकरी केली, पण सिद्धांत आणि अनुभव यांचा असा मेळ कधी पाहिला नव्हता.

पापा सान्दांच्या घरी त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही, असं सान्दा मला नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची आई सकाळची कॉफी घेऊन सासूच्या खोलीच्या दाराशीच थांबली. "आईंना काय सांगू मी आज?" तिने नवऱ्याला विचारलं. "तुमचा बुलान करडा झाला म्हणून सांगू?"

"काही सांगू नकोस," पापा सान्दा म्हणाले. "मी बघतो."

म्हणजे ते परत आमच्याकडे आले.

आमच्या कचेरीत कुणाला विन्मुख परत पाठवत नाहीत. करड्याचा बांडा करून घ्यायलाही वाट होती आणि ती मीच त्यांना सांगितली. तक्त्यानुसार बांडा व्हायचं तर आई आणि बाप दोघं बांडे हवेत. बाप होताच. तेव्हा आई बांडी असल्याचं सिद्ध करायचं. आई, म्हणजे बुलानची आई, गोठ्यात होती. ती काळी होती, पण तिच्या कपाळावर पांढरा टिळा होता. साहेबांनी टिळ्याचा फोटो पाहिला आणि 'अंशतः बांडी' हा शेरा मान्य केला, मात्र एका अटीवर. हा टिळा तिच्या आईकडून आलेला असला पाहिजे. नाहीतर तो अनधिकृत टिळा.

बुलानच्या आईची आई वीस वर्षांपूर्वी पापा सान्दांच्या आजोबांच्या अंत्यविधीला कापली गेली होती. तिची शिंगं घराच्या खांबावर, खालून अकरावी. पथक पुन्हा गेलं. शिडी लावून थोरले निरीक्षक वर चढले आणि शिंगांचा रंग काळा असल्याचं लेखी देऊन खाली आले.

"शिंगं सगळ्यांचीच काळी असतात," सान्दा म्हणाली.

"तेच आम्ही म्हणतोय, बाई. पुरावा प्रतिकूल आहे."

आता एकच उपाय उरला. त्या म्हशीला जिवंतपणी पाहिलेल्या माणसाची साक्ष. विधी बारा दिवसांवर आला होता. अंगणात पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव उभे राहत होते, डुकरं येऊन पडली होती, मकास्सरच्या पाहुण्यांची पहिली खेप दाराशी उतरली होती. म्हशीला पाहिलेले लोक पुष्कळ होते, पण त्यांनी ती पाहिली होती दुरून, विधीच्या दिवशी, आणि नंतर पानावर. साहेबांनी विचारलंही, की मटण खाल्लेल्यांपैकी कुणाला चवीवरून काही सांगता येईल का. कुणी पुढे आलं नाही. त्या म्हशीला रोज हाताने धुतलेला माणूस एकच होता.

रोंबे कचेरीत आला तो धुतलेला सदरा घालून. आल्यावर तो खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबच म्हणाले, "बसा आजोबा, बसा. तुमच्यावर सगळं अवलंबून आहे." मग तो खुर्चीच्या कडेला बसला.

"ती म्हैस कोणत्या रंगाची होती?"

"वरून काळी, साहेब. पण डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला पांढरा डाग होता, तळहाताएवढा. उभी असली की दिसायचा नाही. ओढ्यात आडवी झाली की दिसायचा. धुताना रोज माझ्या हाताखालून जायचा. आणि शेपटीचा गोंडा अर्धा पांढरा. थोरल्या मालकांनी तो एकदा कापून घेतला होता, माश्या वारायला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. इतकी नेमकी साक्ष आमच्या कक्षात आजवर झाली नव्हती. सान्दाचा चेहरा उजळला. पापा सान्दांनी रोंबेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा. सांगत नव्हतो? आमचा रोंबे म्हणजे चालतंबोलतं रजिस्टर आहे."

"तर मग ती अंशतः बांडी," साहेब म्हणाले. "तिची लेक अंशतः बांडी. बाप बांडा. बुलान बांडा. कारकून, घ्या सही."

मी साक्षीचा नमुना पापा सान्दांपुढे सरकवला. हा नमुना मीच तयार केलेला. नवीन कशाला लिहायचा, म्हणून गावच्या पंचांकडच्या जुन्या नमुन्यावरून शब्दन्‌शब्द उतरवला होता. त्यात शेवटून दुसरी ओळ अशी होती : साक्षीदार माझ्या बरोबरीचा आहे, असे मी अर्जदार लिहून देतो.

पापा सान्दांचं पेन त्या ओळीपाशी थांबलं.

"बरोबरीचा म्हणजे?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे एका ओट्यावर बसणारा. विधीच्या वेळी, भाताच्या कोठाराखाली, मानकऱ्यांच्या जागी."

"रोंबे आमच्या घरचा माणूस आहे."

"मग सही करा."

"घरचा आहे म्हटलं मी. बरोबरीचा कुठे म्हटलं?"

 रोंबे आपल्या हातांकडे बघत होता.

"बाबा," सान्दा हळू आवाजात म्हणाली, "आजीसाठी करायची आहे सही. एक ओळ आहे."

"तुला कळत नाही ते. बारा दिवसांनी सगळं गोत जमणार. हा कागद तिथे लावतात, लोक वाचतात. उद्या म्हणतील, यानेच लिहून दिलंय, मग बसवा त्याला कोठाराखाली. त्याचा आजा कुठून आला, कुणाच्या दारात राबला, हे काय लपलंय?"

"रोंबे आजोबांच्या आईचं माहेर चांगलं होतं म्हणतात," सान्दा म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

"असेल. म्हणून काय झालं? वरचं आणि खालचं मिसळलं की मधलंच काहीतरी होतं. वरचं राहत नाही ते."

तुलक साहेबांनी अतिशय समाधानाने मान वळवली आणि खुर्चीमागच्या तक्त्याकडे पाहिलं.

"करडा," ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

सान्दाने वडिलांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. "बाबा, हे रेड्याच्या बाबतीत खोटं आहे, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय ना?"

"रेड्याचं वेगळं," पापा सान्दा म्हणाले.

मला त्या क्षणी एक गोष्ट उमगली. तक्ता टांगून दीड वर्ष झालं होतं. तो चुकीचा आहे अशी तक्रार प्रत्येकाने केली होती, पण ती प्रत्येकाने फक्त आपल्या रेड्यापुरती केली होती. तक्ता पाहून चकित असा कुणीच झाला नव्हता. साहेबांनी तो भिंतींच्या रंगावरून काढला असं मी समजत होतो. आता वाटलं, की साहेब नुसतं गावात हिंडून आले असते तरी हाच तक्ता निघाला असता.

"मग आजोबा," साहेब रोंबेला म्हणाले, आणि लगेच थबकले. "मग रोंबे, तुझ्या बापाचं नाव काय लिहायचं? इथे रकाना आहे."

रोंबे उठला. त्याने खुर्ची होती तशी मागे सरकवून ठेवली.

"राहू द्या कोरा," तो म्हणाला. "माझं काम झालं असेल तर निघतो. बुलानला पाण्यावर न्यायचंय. हाक मारून येत नाही तो, जवळ जावं लागतं." दाराशी गेल्यावर तो क्षणभर थांबला. "त्याचं एक बरं आहे. त्याला काही ऐकू येत नाही."

सही झाली नाही. साक्ष गळाली, म्हशीचा डाग गळाला, टिळा अनधिकृत ठरला आणि त्याच दुपारी मी बुलानचा दाखला टंकून दिला. रंग : करडा. पापा सान्दांनी तो घडी घालून खिशात ठेवला. त्यांचा चेहरा एखादी मोठी वस्तू वाचवल्यासारखा होता, आणि काय वाचवलं ते आठवत नसल्यासारखाही.

विधीला कचेरीतर्फे मी हजर होतो. दोनेक हजार माणूस असेल. ध्वनिक्षेपकावरून एकेका जनावराचं नाव आणि रंग पुकारला जात होता, दाखल्याप्रमाणे. बुलानची पाळी आली तेव्हा पुकारणाऱ्याने कागद पाहिला, समोर पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि खाकरून म्हणाला, "बुलान. करडा."

 पापुआहून आलेला एक पुतण्या बाजूच्याला म्हणाला, "करडा कुठाय? हा तर बांडा."

"कागदावर करडा आहे," बाजूचा म्हणाला.

"अरे पण दिसतोय ना."

त्यांच्यामागे पापा सान्दांची एक मावशी बसली होती, सुपारी चघळत. ती म्हणाली, "डोळे जरा बारीक करून बघ. करडाच आहे."

पुतण्याने डोळे बारीक केले. बघता बघता सगळ्या मांडवांतले लोक डोळे बारीक करून बघू लागले. दुपारपर्यंत मी स्वतः ऐकलं, की अशी करडी झाक आजवर कुणी पाहिली नव्हती, आणि बांडे काय, हल्ली पैशापासरी झालेत. दोघा प्रतिष्ठितांनी मला बाजूला घेऊन, आपल्या घरच्या विधीसाठी करडा मिळवायचा तर कोणता अर्ज करावा लागतो, याची चौकशी केली.

बुलानला मैदानात आणलं रोंबेने. दुसऱ्या कुणामागे तो चालला नसता. मध्यभागी येईपर्यंत रोंबेची दोन बोटं त्याच्या जबड्याखाली होती. मग रोंबेला तिथून दूर व्हायला सांगितलं गेलं आणि तो झाला. पुढचं त्याने पाहिलं नाही, मीही नाही. नंतर तो मैदानाच्या कडेला दोरी गुंडाळत बसलेला दिसला. ती दोरी फार लांब नव्हती, पण गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

त्याच सुमारास सान्दा कोठाराखालच्या ओट्यावरून उठली. घरची थोरली मुलगी, काळे मणी ल्यालेली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मैदान ओलांडून गेली आणि स्वयंपाकाच्या धुराजवळ जिथे राबणारी माणसं चटईवर बसली होती, तिथे रोंबेशेजारी जाऊन बसली. त्याने दोरी तिच्या हातात दिली.  पापा सान्दांनी त्या बाजूला दिवसभर एकदाही पाहिलं नाही. इतकं कटाक्षाने न बघायला माणसाला सतत ठाऊक असावं लागतं की ती तिथेच आहे.

मटणाचे वाटे पुकारायची वेळ आली. आमच्याकडे वाटा माणसाच्या घराण्याप्रमाणे पडतो. कुणाला फऱ्याचा, कुणाला मानेचा, कुणाला पायाचा. पुकारणारा सान्दाच्या नावापाशी येऊन अडला. ओट्यावर बसली असती तर वाटा ठरलेला होता. चटईवरच्यांचाही ठरलेला होता. ओट्यावरच्या माणसाने चटईवर बसायचं ठरवलं तर काय, याला आधार नव्हता. तो मांडवातून वाट काढत थेट माझ्याकडे आला, मी सरकारी माणूस म्हणून.

"कोणता द्यायचा हिला?" त्याने विचारलं.

मी सवयीने म्हणालो, "मधला."

सान्दा दुसऱ्या दिवशी मकास्सरला गेली. निघताना तिने आईचा निरोप घेतला, वडिलांच्याही पाया पडली, पण दर नाताळाला येईन असं नेहमीसारखं म्हणाली नाही. पापा सान्दा अधूनमधून कचेरीत येऊन बसतात. काम काही नसतं. एकदा त्यांनी विचारलं, तो रोंबेच्या साक्षीचा कागद अजून आहे का. मी काढून दाखवला. सही सोडून सगळं भरलेलं होतं, आणि एक रकाना कोरा. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. पेन मागतील असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "पाऊस येईलसं दिसतंय," आणि कागद परत देऊन गेले.

मध्यंतरी राजधानीत आमच्यासारख्या कक्षांच्या कर्मचाऱ्यांचं शिबिर झालं. बेटाबेटांवरचे, मोठमोठ्या शिक्षणाचे लोक. रात्रीच्या जेवणाला मी ही हकिगत सांगितली. टक्केवारीच्या सरासरीला ते पोट धरून हसले. शिंगं बघायला शिडी लावली, तेव्हा एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या मागासलेपणाची त्यांना मनापासून कीव आली. रोंबेचा प्रसंग आला तसे ते गंभीर झाले. मी संपवलं. मग एकजण पुढे वाकून म्हणाला, "सगळं खरं. पण त्याचा बाप नक्की कोण होता?"

मी म्हणालो, रकाना कोरा आहे.

"आईचं माहेर तरी खरंच चांगलं होतं का?" दुसऱ्याने विचारलं. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की इतकी तल्लख स्मरणशक्ती म्हणजे कुठेतरी चांगलं रक्त असणारच. अर्धा तास चर्चा रंगली. उठता उठता माझ्या शेजारच्या सद्‌गृहस्थांनी, सहज म्हणून, माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा खणखणीत झाला, कारण आमच्या बाजूला ते आडनाव चांगलं समजतात. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पेल्यात पाणी ओतलं.

तुम्ही तसं काही विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही वाचणारे लोक. तुम्ही फार तर गोष्ट सुरू करण्याआधी, वर लिहिणाऱ्याचं आडनाव काय दिलंय, तेवढं पाहून घेतलं असेल.